बोल्ट आवळायला दोन वर्षं

पावसाळ्यात आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आमच्या कार्यालयासमोर गर्दी होते, आणि त्या गर्दीला ट्रेडची उतरंड तोंडपाठ असते. इलेक्ट्रिशियन सगळ्यात आधी भरतो. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून लागलं, तीन वर्षं मानधनावर काढली की पोरगा कायम होतो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही बापाला माहीत असतं. त्याखालोखाल फिटर, मग डिझेल मेकॅनिक, वेल्डर. प्लंबर आणि गवंडी शेवटच्या फेरीपर्यंत लोंबकळत राहतात. एकदा एका गृहस्थांना मी गवंडीची जागा सुचवली. पोराचे मार्क तेवढेच होते. ते म्हणाले, “आवो सर, गवंडीकाम तर मीच करायलोय, वीस वर्षं झाली. लेकराला तरी दुसरं काहीतरी द्या.” पोराला फिटर मिळाला. पुढे तो चाकणला लागला तेव्हा त्याच्या बापाची मिस्त्री म्हणून महिन्याची हजेरी पोराच्या पगारापेक्षा जास्त भरत होती. पण बाप खूश होता. पोरगा कंपनीत होता, अंगावर युनिफॉर्म होता, गळ्यात कार्ड होतं.

मी फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक. पोरांसाठी ‘फिटरवाले सर’. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० साली सुरू झाली, आणि आज राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. त्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणच्या वर्कशॉपमध्ये माझ्या नोकरीची वर्षं गेली. पत्र्याचं छप्पर, लांबच लांब बेंच, बेंचवर दोन्ही बाजूंनी व्हाइस, एका कोपऱ्यात पॉवर हॅकसॉ आणि पिलर ड्रिल. एप्रिलमध्ये पत्रा असा तापतो की दुपारी प्रॅक्टिकल घेणं म्हणजे शिक्षाच.

नवीन बॅचला वाटतं, पहिल्या दिवशी मशीन मिळेल. मिळते कानस. एमएस फ्लॅटचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासायचा. आठवडाभर हेच चाललं की पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागतात. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला यायला हवा, म्हणून ठेंगण्या पोरांच्या पायाखाली फळी द्यायची. डावा पाय पुढे, मूठ उजव्या तळव्यात, डाव्या तळव्याचा दाब कानशीच्या टोकावर. जोर पुढे जाताना, मागे येताना नाही. नवख्याच्या हातात कानस झोके खाते. सुरुवातीला मूठ खाली जाते, शेवटी टोक खाली जातं, दोन्ही कडा जास्त खाल्ल्या जातात आणि जॉबला मध्ये पोट येतं. त्याला वाटतं, सपाट झालं. मग ट्रायस्क्वेअरचं पातं जॉबवर टेकवून खिडकीकडे धरायला सांगायचं. पात्याखालून दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो. त्या उजेडाशी वाद घालता येत नाही, आणि मला वाटतं पोरांना तोच आवडायला लागतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची चूक कान न पिळता दाखवलेली असते.

कानशीच्या दातांत कीस अडकला तर जॉबवर ओरखडे उठतात, म्हणून आधी खडू चोळायचा, मधूनमधून तारेच्या ब्रशने झाडायचं. आखणीसाठी मोरचुदाचं पाणी लावलं की लोखंडावर तांबूस थर बसतो, त्यावर स्क्रायबरची रेघ केसासारखी उमटते. शनिवारी घरी जाताना जॉबवर तेलाचं बोट फिरवायचं. ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांचे जॉब सोमवारी गंजलेले सापडतात. मी फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी कोण टंगळमंगळ करतोय ते कानाला कळतं. खरोखर कापणाऱ्या कानशीचा आवाज खरखरीत आणि एका तालात असतो, नुसती फिरवलेली कानस गुळगुळीत घसरते.

सुरुवातीला अर्ध्या मिलीमीटरच्या आत आलं तरी पाठ थोपटायची. दुसऱ्या वर्षी नर-मादी जोड येतात. एका पट्टीत चौकोनी खाच, दुसऱ्या तुकड्याचा चौकोन. तो खाचेत चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे, आणि फटीतून उजेड दिसता कामा नये. इथपर्यंत येताना पोरांच्या बोटांना काहीतरी होतं. व्हर्नियर लावायच्या आधीच ती सांगतात, “सर, इथं जरा हाय अजून.” आणि लावून बघितलं तर असतं. हे कुठल्याही पुस्तकातून शिकवता येत नाही आणि घाईनं तर नाहीच. मधल्या काळात वरून धोरणं बदलत राहिली, २०१३ ला सेमिस्टर आलं, २०१८ ला परत वार्षिक पद्धत आली, थिअरीची परीक्षा संगणकावर गेली. लोखंडाचा तुटवडा मात्र कधी गेला नाही. एकाच तुकड्यावर आधी फाइलिंग, मग तोच कापून पुढचा जॉब, उरलेल्या ढलप्यावर ड्रिलिंग आणि टॅपिंग. पोरं म्हणायची, सर, उसासारखं चिपाड होईपर्यंत पिळता.

ऊस म्हणताना त्यांना वेगळं सुचत नसे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून निघतात आणि पार होळीपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. अशातलाच एक मुलगा माझ्याकडे होता. आजीजवळ राहायचा, सकाळी दोन म्हशींचं करून सायकलवर यायचा. पहिल्या वर्षीच नोव्हेंबरात अचानक यायचा बंद झाला. निरोप आला की बापाची कंबर धरली आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाप झोपला तरी उचल फिटायची थांबत नाही, म्हणून आईबरोबर कोयता पुरा करायला पोरगा गेला होता. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. परत आला तेव्हा तळहात असे झाले होते की कानशीची मूठ रुतायचा प्रश्नच उरला नव्हता. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडून त्याच्या हजेरीची भर केली. नियमात ते कसं बसवलं ते प्राचार्यांना माहीत आणि मला. तो पास झाला, चांगल्या मार्कांनी झाला. त्याचा नर-मादी जोड मी बरीच वर्षं पुढच्या बॅचेसना दाखवत असे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॅम्पस मुलाखती होतात. पुण्याकडून, वाळूजहून कंपन्यांची माणसं येतात, बहुतेक वेळा कंपनीची नव्हेच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची. आमच्याकडे सतरंज्या अंथरून, बॅनर लावून, पाहुण्यांना नारळ-शाल देऊन जय्यत तयारी. मला आधी वाटायचं, जॉब बघतील, निदान व्हर्नियर वाचायला सांगतील. एका वर्षी मी पोरांचे उत्तम जॉब टेबलावर मांडूनही ठेवले होते. आलेल्या साहेबांनी त्यावर पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी उंची विचारली, वजन विचारलं, चष्मा आहे का पाहिलं, लग्न झालंय का विचारलं, आणि गाव किती लांब ते मुद्दाम विचारलं. लांबचा पोरगा बरा असतो. त्याला तिथं मामा-काका नसतात, तो युनियनवाल्यांच्या नादी लागत नाही. हे त्यांनी चहा पिताना मलाच सांगितलं, अगदी सहज.

त्या वर्षीची बॅच एका गाडीत बसून चाकणकडे गेली. काही महिन्यांनी एका कामासाठी मी पुण्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. कॉट बेसिसवर एका खोलीत कितीतरी जण. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो, गादी गार होत नाही. दोरीवर युनिफॉर्म वाळत, कोपऱ्यात एकाच शेगडीवर खिचडी. पोरांनी मला खुर्ची मिळवून आणली, कुठून आणली देव जाणे. ऊसतोडीवाला तिथंच होता. त्याचं काम काय, तर लाइनवर गाडी पुढे सरकत येते, एअर गनने ठरलेले बोल्ट आवळायचे, खूण करायची, पुढची गाडी. बोल्टाला किती जोर लागतो तेही गनच ठरवते. मिनिटाच्या आत हे उरकायचं, कारण पुढची आलेली असते. शेजारी जो कायम कामगार असतो तोही हेच करतो, त्याचा पगार याच्या कितीतरी पट. मी विचारलं, बरं चाललंय का. तो म्हणाला, “बरं चाललंय सर. पण तुमी उगीच आमच्यावर मेहनत घेतली. बोल्ट आवळायला दोन वर्षं कशाला लागतात?”

तो रागानं बोलला नव्हता. माझी कीव आल्यासारखा बोलला.

सातव्या महिन्यात त्याला ब्रेक मिळाला. हा शब्द आमच्याकडे आता शाळेतल्या पोरालाही कळतो. वर्षात २४० दिवस काम भरलं की ते सलग नोकरीचं वर्ष धरलं जातं आणि मग कामगाराला काढताना नोटीस, नुकसानभरपाई अशा गोष्टी येतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून हा हिशेब आला. कामगाराच्या बाजूनं केलेली ही तरतूद. तिचा परिणाम असा की २४० च्या अलीकडेच पोराला घरी पाठवायचं, महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, नाहीतर शेजारच्या कंपनीत, परत पहिल्या दिवसापासून. पंचविशीपर्यंत पोरांजवळ कंपन्यांची पाच-सहा ओळखपत्रं जमतात आणि अनुभव मात्र प्रत्येक ठिकाणी सात महिन्यांचाच.

कंपनीची बाजूही मी ऐकली आहे. वाळूजमधले एक अधिकारी, सज्जन माणूस, म्हणाले की गाड्यांची मागणी वर्षभर सारखी नसते, एक मॉडेल पडलं तर अर्धी लाइन बसून राहते, कायम केलेल्या माणसाचं काय करायचं? शिवाय तुमची पोरं दोनशे रुपये जास्त मिळाले की शेजारी पळतात आणि गावच्या जत्रेला न सांगता आठ दिवस गायब होतात. यातलं सगळं खरं आहे. फक्त जो माणूस सात महिन्यांनी जाणारच आहे त्यानं जत्रा का चुकवायची, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

शिकाऊ उमेदवारी हा खरं तर मधला चांगला रस्ता. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आयटीआय झालेल्या पोराला कारखान्यात बसवून वर्षभर शिकवायला सांगतो. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आता एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. चांगल्या कंपनीत, विशेषतः मेंटेनन्समध्ये किंवा टूल रूममध्ये शिकाऊ म्हणून वर्ष काढलेलं पोर ओळखू येतं. त्याचं बोलणं बदललेलं असतं, मशीन बंद पडलं की ते आधी कान लावतं. पण याच कायद्याच्या बाविसाव्या कलमात २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत लिहिलेलं होतं की उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही; आता ते मालकाच्या स्वतःच्या धोरणावर सोडलंय. कायद्यानं हात झटकण्याची सोय सुरुवातीपासून ठेवलेली आहे. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्या पोरांनी २० मार्च २०१८ ला सकाळी माटुंगा-दादरकडे रुळांवर बसून मध्य रेल्वे अडवली होती ती याच दुखण्यापायी. टीव्हीवर बातमी दिवसभर चालली ती लोकलच्या प्रवाशांच्या हालांची. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र सगळे गप्प होऊन बघत होते. त्या गर्दीत आमची पोरं असू शकतात हे प्रत्येकाच्या मनात होतं.

मध्ये ‘नीम’ नावाची एक योजना आली होती, २०१३ च्या सुमाराची. शिकता शिकता कमवा, असा तिचा सूर. प्रत्यक्षात पोरं लाइनवर तेच काम करायची, फक्त कागदावर कामगाराऐवजी प्रशिक्षणार्थी म्हणून, म्हणजे पीएफचाही प्रश्न मिटला. पुढे ती गुंडाळली गेली. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्र्यांच्या नावानं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. आयटीआय झालेल्याला महिना ८,००० रुपये, सुरुवातीला सहा महिने, पुढे मुदत वाढवली. नाव दर वेळी नवं असतं, आणि त्यात ‘प्रशिक्षण’ हा शब्द न चुकता असतो. दोन वर्षं शिकलेल्या पोरानं अजून किती वर्षं प्रशिक्षणार्थी राहायचं?

आम्हाला सभा-संमेलनांना बोलावतात. तिथं हमखास एक उद्योजक उठून सांगतो, आमच्याकडे जागा आहेत, पण कुशल माणूस मिळत नाही. टाळ्या पडतात. २००९ च्या राष्ट्रीय धोरणानं २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं ठरवलं होतं. २०१५ च्या धोरणात आकडा दिला की देशातल्या मनुष्यबळापैकी फक्त ४.६९ टक्के लोकांनी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलंय, जर्मनीत ७५ टक्के, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६. हे आकडे प्रत्येक भाषणात येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, देशाची पंच्याण्णव टक्के जनता हात बांधून बसली आहे. माझ्या घराला प्लास्टर करणारा, ट्रॅक्टरचं इंजिन उतरवणारा, बोअरमध्ये अडकलेला पंप काढणारा, हे सगळे त्या पंच्याण्णवातले. ते उस्तादाच्या शिव्या खात शिकले, त्यांच्याकडे कागद नाही एवढंच. त्यांना कागद द्यायचीही योजना आहे. थोडं मार्गदर्शन, एक चाचणी, प्रमाणपत्र. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं ते घेऊन फ्रेम करून भिंतीवर लावलंय. हजेरी होती तेवढीच आहे.

मुंड्या मोजायला लागलं की अभ्यासक्रम आखूड होत जातो. थोडक्या तासांच्या कोर्सची केंद्रं आमच्या तालुक्यातही उघडली. एक तर किराणा दुकानाच्या माडीवर होतं, शिलाई मशीन नि संगणक एकाच खोलीत. प्रवेश, हजेरी, फोटो, प्रमाणपत्र सगळं वेळेत, आणि एक दिवस केंद्रच बंद. काही कामं थोड्या तासांत शिकता येतातही, मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण फिटरचा हात तीनशे तासांत तयार होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस येऊन कानस धरावी.

माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी त्या सभांमध्येही बोलून दाखवलं आहे. आमच्या पोरांकडे कसब कमी आहे ही तक्रार बऱ्याच वेळा कामाच्या कमतरतेवर घातलेलं पांघरूण असतं. ज्या कामाला फिटर लागतो तशी कामं थोडी आहेत. मेंटेनन्स, टूल रूम, डाय फिटिंग. बाकीच्या जागांवर हवा असतो तो धडधाकट, लांबचा, अविवाहित, न भांडणारा तरुण, आणि त्याला ‘फिटर’ म्हणून घेतलं की कागदोपत्री शोभतं. पोरगा तिथं टिकला नाही की प्रशिक्षणाला दोष. प्रशिक्षणात उणिवा आहेत, रडगाण्याइतक्या आहेत, आमच्याकडची काही यंत्रं माझ्या वयाची आहेत. पण उत्तम शिकवलेल्या पोराचंही तेच होताना मी पाहिलंय, म्हणून बोलतो.

जिथं अख्खा ट्रेड वापरावा लागतो तिथली गोष्ट वेगळी. वाळूजमध्ये मोठ्या कंपन्यांच्या मागच्या गल्ल्यांत आठ-दहा माणसांची शेडं असतात. प्रेस टूल, जिग, फिक्श्चर करून देणारी. तिथले मालक स्वतः खाकी कपड्यांत असतात. अशाच एकानं माझ्या एका विद्यार्थ्याची मुलाखत घेतली ती मला फार आवडली. त्यानं काही विचारलंच नाही. डायच्या एका कडेला गोलाई द्यायची होती, पोराच्या हातात अर्धगोल कानस दिली आणि जेवायला गेला. परत आल्यावर बोट फिरवून पाहिलं आणि उद्यापासून ये म्हणाला. पगार सुरुवातीला चाकणपेक्षा कमी, कॅन्टीन नाही, बस नाही. तिथं त्यानं डाय उघडायला, बसवायला, निळा रंग लावून कुठं घासतंय ते शोधायला शिकून घेतलं. पुढे चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचा कोर्स केला. आज त्याला कुणी ब्रेक देत नाही, दिला तर मालकाचंच काम अडेल.

अशी शेडं फार नाहीत, आणि मोठ्या कंपनीनं पेमेंट तीन-तीन महिने लांबवलं की त्यांचेच वांधे होतात. हेही सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही निदेशक पाबळला विज्ञान आश्रम पाहायला गेलो होतो. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात आले आणि शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करून शिकवायला लागले. तिथल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात पोरगा वेल्डिंग करतो, बांधकाम करतो, माती तपासतो, कोंबड्या पाळतो, रक्तगटही तपासायला शिकतो. आणि गावाला जे लागतं ते खरोखर करून देतो, पैसे घेऊन. आमच्यातल्या एका सहकाऱ्यानं नाक मुरडलं की हे सगळं थोडं थोडं, एकही ट्रेड पुरा नाही. मला ती देवाणघेवाण महत्त्वाची वाटली. आमच्याकडे पोरानं दोन वर्षांत केलेला प्रत्येक जॉब शेवटी भंगारात जातो. त्यानं केलेली एकही वस्तू कुणी विकत घेतलेली त्यानं पाहिलेली नसते. त्यामुळे आपल्या कामाला किंमत काय सांगायची हे त्याला माहीतच नसतं, आणि एजन्सीवाला सांगेल ती किंमत तो घेतो.

किंमत सांगता येणारी एक मुलगी मात्र आमच्याच संस्थेतून निघाली. ट्रेड इलेक्ट्रिशियन. कॅम्पसला आलेल्यांनी मुली नकोत म्हणून सांगितलं, राहायची सोय नाही, रात्रपाळी आहे. ती तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे बसायला लागली. त्याची नजर अधू होत चालली होती, त्याला बारीक तार दिसत नव्हती. आता दुकान तीच चालवते. आमच्याकडे मार्चपासून मोटरी जळायला लागतात. व्होल्टेज कमी, नाहीतर एक फेज गेलेला आणि मोटर तशीच चालू. शेतकरी सबमर्सिबल मोटरसायकलवर आडवी बांधून आणतो, वार्निश जळाल्याचा वास दुकानाच्या आधी रस्त्यावर पोचतो. ती मोटर उघडते, जळालेल्या कॉइलचं एक तोंड कापते, आणि उपटून काढताना वेढे मोजते. किती एचपी, किती स्लॉट, तारेचं गेज काय, एका कॉइलला वेढे किती, कुठल्या स्लॉटमधून निघून कुठल्यात शिरते, हे सगळं एका रेघी वहीत उतरवून घेते. कुठल्या कंपनीची कुठली मोटर कशी भरलेली असते ते त्या वहीत आहे, आणि ती वही ती कुणाच्या हातात देत नाही, माझ्याही दिली नाही. मग नवीन तार, वेढ्यामागून वेढा, तारेला नखाएवढा ओरखडा पडला तरी पुढे शॉर्ट. शेवटी इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा. मी तिथं बसलो असताना एक पाहुणे आले आणि मला म्हणाले, “मालक, मोटर कवा मिळंल?” मी तिच्याकडे बोट दाखवलं. ती मान वर न करता म्हणाली, “परवा. आन् तांब्याचा भाव वाढलाय, आधीच सांगते.”

सीझनमध्ये ती चाकणवाल्यांच्या दुप्पट कमावते. पावसाळ्यात दुकानात माश्या मारत बसते, हेही तिनंच सांगितलं. तिची गोष्ट मी सांगितली की कार्यक्रमांत लोकांना चेव येतो आणि कुणीतरी माइक हातात घेऊन पोरांना म्हणतो, नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. एका तालुक्याला रिवाइंडिंगवाले लागतात तीन-चार. आम्ही दर वर्षी इलेक्ट्रिशियन काढतो त्याच्या किती पट. बाकीच्यांनी कुणाच्या मोटरी भरायच्या, हे त्या भाषणात नसतं.

गेल्या हंगामात एका एजन्सीचा फोन आला. सर, फिटर, टर्नर, वेल्डर, चाळीस पोरं पाहिजेत, सोमवारी गाडी पाठवतो. मी हल्ली तीन गोष्टी विचारतो. कुणाच्या रोलवर घेणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? प्रत्यक्ष काम कोणतं? आणि मुदत संपल्यावर काय? पलीकडचा तरुण, तोही बहुतेक अशाच कुठल्यातरी करारावर असेल, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, बाकीच्या आयटीआय असं काही विचारत नाहीत.” मग त्यानं उत्तरं दिली. ठेकेदाराच्या रोलवर, लाइनवर असेंब्ली, सात महिने, पुढचं बघू. मी ती उत्तरं कागदावर उतरवून घेतली आणि पोरांना वर्गात वाचून दाखवली. शेडमध्ये कमी पगारात शिकायला जायचं असेल तर दोन ठिकाणचे पत्तेही फळ्यावर लिहिले.

पत्ते तिघा-चौघांनी उतरवून घेतले. सोमवारी गाडी आली तेव्हा निम्म्याहून जास्त वर्ग तिच्यात बसला. एकाच्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं, एकाच्या बापानं उचल घेतलेली होती, बाकीच्यांना निदान पहिल्या महिन्याच्या दहा तारखेला खात्यावर पैसे दिसणार होते. शेडच्या मालकांना मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं की यंदा तीनच येतील. एकानं विचारलं, “कानस धरता येते ना?” म्हटलं, येते. “मग दोघांना माझ्याकडे पाठवा,” तो म्हणाला.